सोलापुरात दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कशी शोधायची, आणि पहिल्या दिवशी तिथे काय होतं

प्रश्न: माझे मालक टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (माग दुरुस्त करणारे) आहेत, वय ४१. बारा वर्षांपासून पितात. मागच्या वर्षी महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं होतं. बाहेर आल्यावर तीन महिने चांगले गेले, गड्ड्याच्या जत्रेत पुन्हा सुरू झाली. आता सकाळीही लागते. डॉक्टरांनी कागदावर 'ए.ए. मीटिंग' एवढंच लिहून दिलंय. ही मीटिंग सोलापुरात कुठे असते? फी किती? आमच्या समाजातल्या लोकांना कळेल का? घरात आम्ही तेलुगू बोलतो, त्यांना तिथलं जमेल का? मी विड्या वळते, मला बरोबर जाता येईल का? आणि तेरा वर्षांच्या मुलाला काय सांगू?

उत्तर:

ताई, मी सोलापुरात बावीस वर्षं हेच काम करते. आधी मानसोपचार वॉर्डात समाजसेविका होते, आता समुपदेशन करते. तुमच्या प्रश्नांचा क्रम मी बदलणार आहे. 'आता सकाळीही लागते' हे वाक्य तुम्ही मधेच लिहून पुढे गेलात, माझं लक्ष मात्र तिथेच अडकलं.

ज्याला उठल्या उठल्या घोट लागतो, त्याचं शरीर दारूवर चालायला लागलेलं असतं. अशा माणसाने शपथ घेऊन एकदम थांबवलं की सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम सुटतो, पोटात ढवळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, अंगावर किडे चालल्यासारखे वाटतात, नसलेली माणसं दिसतात. यात जीव जाऊ शकतो.

अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यातल्या विणकराला घरच्यांनी खोलीत कोंडून त्याची दारू तोडली होती. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आणला. कॉटवर मांडी घालून बसला होता आणि दोन्ही हातांनी हवेत धागे जोडत होता. ताण्यातला तुटलेला धागा शोधायचा, चिमटीत धरायचा, गाठ मारायची, मग पुढचा. मी विचारलं, काय करताय? म्हणाला, "माग बंद पडलाय मॅडम, शेठ वरडायलाय." रात्रभर तेच चाललं. शुद्धीवर आला तेव्हा त्याला यातलं काही आठवत नव्हतं. त्याच्या बायकोला अजून आठवतं.

म्हणून आधी डॉक्टर. सिव्हिलमध्ये, म्हणजे आपल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. सकाळी केसपेपर काढून तिथे जा, आणि रोज किती पितात, शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आली होती का, हे न लपवता सांगा. काही दिवस गोळ्या देऊन दारू सुरक्षितपणे उतरवता येते. बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, ती चुकवू नका; वर्षानुवर्षं पिऊन आणि न जेवून शरीरातलं ते जीवनसत्त्व संपलेलं असतं आणि त्याची कमतरता मेंदूवर जाते. घरी फिट आली, माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, तर ओपीडीची वाट पाहू नका, रात्र असली तरी थेट अपघात विभागात न्या.

आता मीटिंग.

ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. दारूने घायकुतीला आलेल्या माणसांनीच एकमेकांसाठी चालवलेली ही संघटना. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात बिल विल्सन नावाचा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ नावाचा सर्जन, दोघेही पक्के दारुडे, एकमेकांना भेटले. बिलला तेव्हा दारू सोडून काही महिने झाले होते, पण त्या परगावी धंदा फसला आणि पुन्हा प्यायची ओढ उसळली. दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलल्याशिवाय आपण तगणार नाही हे त्याच्या लक्षात आलं. डॉक्टर बॉबने त्याच वर्षी १० जूनला शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस ए.ए.चा स्थापना दिवस मानतात. भारतात हे काम १९५७ मध्ये मुंबईत सुरू झालं. हा इतिहास मी मुद्दाम सांगते, कारण मीटिंगचं सगळं मर्म त्या पहिल्या भेटीत आहे. उपदेश करायला कोणी डॉक्टर, महाराज किंवा पोलीस नव्हता. एका पिणाऱ्याला स्वतःला वाचवण्यासाठी दुसरा पिणारा हवा होता. तुमचे मालक तिथे गेले तर ते फक्त मदत घ्यायला जात नाहीत. त्यांच्या येण्याने तिथल्या दहा वर्षं न प्यायलेल्या माणसालाही मदत होते. हे त्यांना नक्की सांगा. कारखान्यात जॉबर आहेत ना, दुसऱ्याचा बंद पडलेला माग चालू करून देणारा माणूस आहे तो. 'तुम्हाला सुधारायला पाठवतोय' म्हणाल तर उठून जातील.

फी नाही. नावनोंदणी, रजिस्टर, आधार कार्ड, काही नाही. मीटिंग संपताना एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात सभासद पाच-दहा रुपये टाकतात. त्यातून जागेचं भाडं आणि चहा निघतो. नव्या माणसाने टाकायची गरज नसते. बाहेरची देणगी ए.ए. घेत नाही, तसा त्यांचा नियमच आहे. सभासद व्हायची अट एकच: दारू थांबवायची इच्छा असणं. थांबवलेली असली पाहिजे असंही नाही. कोणी 'ए.ए.त दाखल करतो, इतके हजार द्या' म्हणालं तर ते ए.ए. नव्हे, सरळ परत फिरा. आणि घरातून उचलून नेणारी गाडी पाठवू म्हणणाऱ्या केंद्रांबाबतही सावध राहा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली अशा केंद्रांची नोंदणी लागते, ती आहे का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

ठिकाण शोधायचं कसं? मी इथे पत्ता, वार, वेळ लिहीत नाही, आणि त्याला कारण आहे. मीटिंगा बहुतेक शाळेच्या वर्गात, चर्चच्या किंवा संस्थेच्या हॉलमध्ये संध्याकाळी भरतात. परीक्षा आल्या की वर्ग मिळत नाही, जागा बदलते, वार बदलतो. जुन्या कागदावरचा पत्ता घेऊन गेलेला माणूस कुलूप बघून परत येतो, आणि परतीच्या वाटेवर दारूचं दुकान असतंच. असं झालेला एक जण पुन्हा दोन वर्षं आला नाही. तेव्हा त्याच आठवड्यात फोन करून खात्री केलेलाच पत्ता खरा धरायचा.

फोन नंबर मिळवायला सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे मानसोपचार वॉर्डातले समाजसेवक आणि सिस्टर. ए.ए.चे सभासद दवाखान्यांत संदेश द्यायला येतात, त्यांचे नंबर तिथे असतात. मागच्या वर्षी ज्या केंद्रात ठेवलं होतं तिथल्या समुपदेशकालाही विचारा. ए.ए.च्या भारतातल्या सेवा कार्यालयाचं संकेतस्थळ आहे, त्यावर शहरानुसार गट आणि मदतीचे नंबर दिलेले असतात. मुलगा मोबाइलवर दोन मिनिटांत शोधून देईल. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्याची टेली-मानस १४४१६. दोन्हींना पैसे पडत नाहीत. टेली-मानसवर मराठीतून बोलता येतं. रात्री दोन वाजता जीव घाबरा झाला तरी लावा.

गटाचा नंबर लागला की पलीकडे ऑफिस नसतं, एखादा सभासद असतो. तो दिवसा त्याच्या नोकरीवर असतो, म्हणून संध्याकाळी लावलेला बरा. आजची मीटिंग कुठे, किती वाजता, दारात कोण भेटेल, एवढं विचारलं की झालं. 'मी पहिल्यांदा येतोय' हे शब्द जरूर उच्चारावेत. ते ऐकल्यावर बहुतेक वेळा पलीकडचा माणूस म्हणतो, थांबा, मीच तुम्हाला घ्यायला येतो. सात रस्त्याला किंवा पार्क चौकात उभं राहून नव्या माणसाची वाट बघणारे सभासद मी पाहिले आहेत.

हा फोन तुमच्या मालकांनी करायचा. तुम्ही नाही.

इथे मी थोडी थांबते, कारण यात मी स्वतः चुकले आहे. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. एका बाईंच्या नवऱ्यासाठी सगळं मीच केलं. गटाशी बोलले, वेळ ठरवली, बाईंना सांगितलं रिक्षात घालून आणा. आणला. तो दीड तास मान खाली घालून बसला, घरी गेला आणि त्याच रात्री प्यायला. दुसऱ्या दिवशी बायकोला म्हणाला, "तुझ्या मॅडमची मीटिंग झाली, आता गप बस." मीटिंग माझी होती, बायकोची होती, त्याची नव्हतीच. पुढे दीडेक वर्षाने, नोकरी गेल्यावर, त्याने खिशातल्या जुन्या चिठ्ठीवरचा नंबर स्वतः लावला. ती चिठ्ठी त्या पहिल्या मीटिंगमध्येच कोणीतरी त्याच्या हातात दिली होती. तेव्हापासून मी नंबर देते, चिठ्ठी देते, आणि फोन त्याच्या हाताने होईपर्यंत थांबते. हे थांबणं फार जड जातं, ताई, मला माहीत आहे.

तुम्ही एवढं करा: सकाळी, ते शुद्धीत असताना, भांडण नसताना, नंबर समोर ठेवा. रात्री पिऊन आल्यावर यातलं काहीही बोलू नका. रात्रीचं बोलणं सकाळी त्यांना आठवत नाही, तुम्हाला मात्र आठवतं आणि तेच भांडण दुसऱ्या दिवशी चालू राहतं. 'डॉक्टरांनी हे लिहिलंय, हा नंबर. मी रोज विचारणार नाही.' एवढं म्हणा आणि खरंच रोज विचारू नका. स्वतः फोन लावायचं धैर्य होत नसेल आणि 'तू शेजारी बस' म्हणाले तर जरूर बसा.

आता पहिल्या दिवशी काय होतं ते सांगते. मी पिणारी नाही, त्यामुळे मला फक्त ओपन मीटिंगला बसता येतं, तिथे घरचे लोक, डॉक्टर, कोणीही येऊ शकतं. क्लोज मीटिंग फक्त पिणाऱ्यांची. ओपनला मी मागच्या बाकावर पुष्कळदा बसले आहे.

नवा माणूस बहुतेक वेळा दहा मिनिटं बाहेरच घुटमळतो. समोरच्या टपरीवर तंबाखू मळत उभा राहतो, आत कोण जातंय ते बघतो. आतल्यांना हे ठाऊक असतं, कोणीतरी चहाच्या निमित्ताने बाहेर येतं. एकदा मी पाहिलं, एका साठीच्या गृहस्थांनी नव्या पोराला चहा दिला तो अर्धाच कप. मला वाटलं चहा संपला असेल. नंतर ते म्हणाले, "पूर्ण कप दिला असता तर सांडला असता, हात बघितलात ना त्याचे? माझा सांडला होता पहिल्या दिवशी, सगळ्यांसमोर." त्या पोराने दोन्ही हातांनी तो अर्धा कप धरला आणि प्यायला. मग उरलेला अर्धा मागून घेतला.

आत बाकं किंवा खुर्च्या, भिंतीवर बारा पायऱ्यांचा, म्हणजे दारूतून बाहेर यायच्या ए.ए.च्या बारा टप्प्यांचा तक्ता, पुढे एक टेबल. सुरुवातीला ए.ए. म्हणजे काय याचा छोटा उतारा वाचतात, मनःशांतीची एक प्रार्थना म्हणतात. मग एकेक जण उठतो. 'मी अमुक, मी अल्कोहोलिक आहे,' असं म्हणून स्वतःचं सांगतो. आडनाव नाही. याला शेअरिंग म्हणतात. कोणी बायकोचा पगार चोरल्याचं सांगतो, कोणी आईच्या दहाव्यालाही शुद्धीत नव्हतो म्हणतो, कोणी आज पोराच्या शाळेत जाऊन आलो एवढंच सांगून बसतो. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, बरोबर-चूक ठरवत नाही. तुमच्या मालकांचं नाव पुकारलं तर 'मी आज फक्त ऐकतो' म्हटलेलं चालतं. पहिल्या दिवशी कोणी बोलायला लावत नाही. तास-दीड तासात संपतं.

देवाचा उल्लेख येतो, तो खटकणारेही असतात. ए.ए. 'आपल्याला समजलेला परमेश्वर' असं म्हणते, कोणाचा कुठला हे विचारत नाही. एकाच बाकावर माळकरी, नमाजी आणि देव न मानणारा बसलेले मी पाहिले आहेत.

तेलुगूबद्दल विचारलंत. इथल्या मीटिंगा मराठी-हिंदीत चालतात, पण सोलापूरच आहे हे. पूर्व भागातले तेलुगू बोलणारे, कन्नड बोलणारे, उर्दू बोलणारे सगळे येतात आणि मराठीत सुरू झालेलं शेअरिंग रडू आलं की ज्याच्या त्याच्या भाषेत जातं. कोणी अडवत नाही. लॉकडाऊनपासून मोबाइलवर ऑनलाइन मीटिंगाही चालतात, मराठीत आणि तेलुगूतही. कोणती कधी असते ते गटातले सभासद सांगतील. रातपाळी असेल त्या आठवड्यात त्याचा उपयोग होईल. पण सुरुवात प्रत्यक्ष मीटिंगने व्हावी असं माझं ठाम मत आहे. फोनवर अर्धा कप चहा देता येत नाही.

समाजाला कळेल का? पहिलं म्हणजे, तिथे पाहिलेलं-ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही हा ए.ए.चा कणा आहे, 'अनामिक' हे नावातच आहे. आणि सभासद तो पाळतात, कारण प्रत्येकाचंच झाकलेलं दुसऱ्याच्या हाती असतं. पण शहर लहान आहे, ओळखीचं कोणी निघू शकतं, हे मी लपवणार नाही. एका कारखान्यातला कामगार पहिल्यांदा गेला आणि समोर त्याचाच जुना मुकादम बसलेला. परत फिरणार होता. मुकादम उठून आला, म्हणाला, "ये बे, हितं मुकादम न्हाई कोण." दोघं आता एकाच स्कूटरवर येतात. तुमच्या गल्लीत ते पितात हे बहुधा सगळ्यांना माहीतच असेल. रात्री त्यांना घरापर्यंत आणून सोडणारे शेजारीच असतात ना? तरी लाज खरी असते, तिला हसू नका. घरापासून लांबची मीटिंग निवडा. जुळे सोलापुरात मीटिंग असो किंवा होटगी रोडला, बस आहे, रिक्षा आहे.

एका मीटिंगने काही होत नाही. ए.ए.त जुने लोक 'नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा' म्हणतात. सोलापुरात बारा तासांच्या पाळीत हे जमणं कठीण, म्हणून मी सांगते: पहिले तीन महिने आठवड्याला जितक्या शक्य तितक्या, मधल्या दिवशी ऑनलाइन किंवा एखाद्या सभासदाला फोन. निदान सहा मीटिंगा झाल्याशिवाय 'मला पटलं नाही' हा निकाल द्यायचा नाही. पहिल्या दोन-तीनदा माणूस फक्त आपण इतरांपेक्षा किती कमी पितो हे मोजत असतो. चौथ्या-पाचव्यांदा कुणाचं तरी बोलणं आपलंच वाटतं. काही आठवड्यांनी एखादा जुना सभासद स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा सोबती, म्हणून मिळतो, बारा पायऱ्यांचं काम त्याच्यासोबत होतं. एक वर्ष झालं की मीटिंगमध्ये वाढदिवस करतात. दारू सोडल्याचा.

पगाराचा दिवस आणि जत्रा, यांची तयारी आधीपासून करा. तुमच्या पत्रात गड्डा आलाच आहे. केंद्रातून आलेला माणूस संक्रांतीला होम मैदानाच्या गर्दीत जुन्या मित्रांबरोबर जातो आणि तिथे 'एकानं काय होतंय' असं कोणी म्हणतं. जानेवारीच्या त्या दिवसांत रोज मीटिंग किंवा रोज फोन, हे डिसेंबरातच ठरवायचं. पगाराच्या संध्याकाळी मीटिंग असेल तर कारखान्यातून थेट तिथे. नसेल तर एखाद्या सभासदाला गेटवर बोलवायचं. असे येतात, मी पाहिलं आहे. लग्न, वरात, मिरवणूक, मयत, यांचंही तेच.

पुन्हा प्यायले तर? त्याला मीटिंगमध्ये स्लिप म्हणतात, आणि स्लिप झालेल्याला कोणी हाकलत नाही. उलट त्याच आठवड्यात परत येणारा वाचतो. 'आता कुठल्या तोंडानं जाऊ' म्हणून जो महिनाभर टाळतो त्याची काळजी मला जास्त. केंद्रातून आल्यावरचे तुमचे तीन महिने वाया गेलेले नाहीत. त्या तीन महिन्यांत शरीर थांबू शकतं हे त्यांनी पाहिलं. फक्त त्यानंतर आठवड्याला कुठे जायचं हे कोणी सांगितलं नव्हतं. याचा मला खरंच राग येतो. महिनाभर ठेवून घेतात, पैसे घेतात, आणि सोडताना पुढच्या मीटिंगचा पत्तासुद्धा हातात देत नाहीत.

ए.ए. औषधांच्या जागी नाही. गटातला कोणी भाबडेपणाने 'गोळ्याही सोड, तीही नशाच' म्हणाला तर ऐकू नका. नैराश्य, झोप, फिट यांच्या गोळ्या किंवा ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेटसारखी औषधं फक्त डॉक्टरच बंद करतील. उपयोग होतो का, असंही लोक मला विचारतात. २०२० मध्ये वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास, १०,५६५ माणसं तपासून आढावा घेतला. शिस्तीत बारा पायऱ्यांच्या मार्गाला आणि ए.ए.ला जोडून दिलेले लोक दारूपासून पूर्ण दूर राहण्यात इतर मान्य उपचार घेणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. तरी सगळ्यांना ए.ए. मानवत नाही. पुण्याच्या मुक्तांगणसारखी केंद्रं आहेत, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. तिथे पाठपुराव्यावर भर असतो. पंढरपूरला माळ घालून सुटलेलेही मी पाहिले आहेत, आणि नीट बघितलं तर त्यांच्याही मागे एक दिंडी होती, दर एकादशीला भेटणारी माणसं होती.

एक गोष्ट मात्र करू नका. जेवणात न सांगता घालायच्या पुड्या, थेंब विकले जातात. त्यात काय आहे कोणी सांगत नाही. दारूसोबत त्रास व्हावा म्हणून देतात ते डायसल्फिराम त्यात असलं आणि वरून दारू प्यायली तर छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी एकदम खाली जातो, जीवावर बेतू शकतं. हे औषध माणसाला सांगून, तपासण्या करून, डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायचं असतं.

आता तुमचं. तुम्हाला बरोबर जाता येईल का, तर ओपन मीटिंगला येईल. पण मला तुम्ही तुमच्या मीटिंगला जायला हव्या आहात. अल-अ‍ॅनॉन ही पिणाऱ्यांच्या घरच्यांची वेगळी संघटना, १९५१ मध्ये उभी राहिली. बिल विल्सनची बायको लोइस तिच्या संस्थापकांपैकी. मालक फोन करोत न करोत, तुम्ही जाऊ शकता. ए.ए.च्याच नंबरवर विचारा, जवळ गट नसला तर ऑनलाइन आहे. हजार विड्यांचं काम सोडून कसं जाऊ, असं म्हणाल. एका ताईंनी सूप मांडीवर घेऊन, विड्या वळत वळत मोबाइलवर मीटिंग ऐकली, सहा महिने. तिथे तुम्हाला कळेल की कारखान्यात 'ताप आलाय' असं खोटं तुम्ही सांगायचं नाही, उधारी तुम्ही फेडायची नाही, बाटल्या शोधून ओतायच्या नाहीत. हे ऐकायला निष्ठुर वाटतं. पण तुम्ही झाकत राहिलात तोवर त्यांना त्याची झळ लागत नाही. हात उगारत असतील तर मात्र मीटिंगची वाट पाहू नका; ११२ किंवा महिलांसाठी १८१, आणि मुलाला घेऊन आधी सुरक्षित जागी जा.

बायकाही पितात, हे जाता जाता सांगते, कारण हे वाचणाऱ्यांत कोणी तशी असेल. शिंदी म्हणा, देशी म्हणा. त्या मीटिंगला कमी येतात कारण त्यांना जास्त लपवावं लागतं. तुम्ही फोन केलात तर 'बाई सभासदाशी बोलायचंय' असं सरळ सांगा, जोडून देतात.

मुलाला खरं सांगा. तेरा वर्षांचा आहे, त्याला सगळं माहीत आहे. फक्त घरात कोणी बोलत नाही म्हणून तोही बोलत नाही. 'पप्पांना दारूचा आजार आहे, तुझ्यामुळे झालेला नाही, तुला बरा करता येणार नाही. ते औषधाला आणि मीटिंगला जातात.' मीटिंगची रात्र असेल तेव्हा त्याला वेळ सांगा, पण घड्याळाकडे बघत बसू देऊ नका आणि तुम्हीही बसू नका. जेवून घ्या. मीटिंग सुटली तरी माणसं दारात उभी राहून अर्धा-पाऊण तास बोलत असतात, नव्या माणसाला तर ती लवकर सोडतच नाहीत. उशीर झाला म्हणजे प्यायलेच, असं धरून चालू नका.